दाताला चिकटवलेलं किती टिकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवताना काही प्रश्न रोज येतात. काही बाजाराच्या दिवशी दारात उभ्याउभ्या विचारले जातात, काही रात्री दहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर, आरशात काढलेल्या अंधुक फोटोसकट. एकेकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून ते इथे एकत्र केले. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

१. मॅडम, तोंडात तर दिवसभर लाळ असते. मग दाताले हे सिमेंट चिकटते तरी कसं?

दाताचं सगळ्यात वरचं कवच म्हणजे एनॅमल. शाळेच्या पुस्तकात त्याला दंतवल्क म्हणतात. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो, म्हणजे तो जवळपास दगडच. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी आधी छिन्नीने खाचा पाडतो, तेच आम्ही आम्लाने करतो. निळ्या किंवा हिरव्या रंगाची जी जेल आम्ही दातावर लावतो ती ३५ ते ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल असते. १५ ते ३० सेकंद ठेवून ती धुतली आणि हवेने दात कोरडा केला की तेवढी जागा खडू फिरवल्यासारखी पांढरी, निस्तेज दिसते. तिथे डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडलेली असतात. पातळ द्रव, म्हणजे आमचा गोंद, त्यांत झिरपतो, निळ्या दिव्याने आतल्या आत कडक होतो आणि मुळ्या धरल्यासारखा अडकून बसतो. वरचं दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, या द्रवाला धरून राहतं.

ही युक्ती मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने १९५५ मध्ये मांडली. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, त्यावरून त्याला ती सुचली. त्याने ८५ टक्क्यांचं आम्ल वापरलं होतं. आज त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं, पण तत्त्व तेच आहे.

२. एकदा चिकटलं की किती वर्षं पाहणं नाही?

एनॅमलवर नीट बसलेला जोड वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो. त्यात पाणी शिरायला वाव कमी आणि कुजण्यासारखं फारसं काही नाही. चारही बाजूंनी एनॅमलची कड असलेलं छोटं फिलिंग दहा वर्षं सहज काढतं. समोरच्या दातांवर चिकटवलेल्या पोर्सेलीनच्या पातळ चकत्या, म्हणजे व्हिनियर, खाली एनॅमल शाबूत असेल तर दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जागेवर असतात.

दाढांमधली कॉम्पोझिट फिलिंग दरवर्षी शंभरात साधारण १ ते ३ निकामी होतात. त्यातही बहुतेक सुटून पडत नाहीत. त्यांच्या कडेला नवी कीड लागते किंवा सिमेंटच मोडतं. म्हणून “गॅरंटी किती?” असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, “कड कुठे आहे?” कड एनॅमलवर असेल तर मी निर्धास्त असते. हिरडीखाली गेली असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

३. हिरडीजवळचं सिमेंटच नेमकं काहून पडते? बाकीचं तर आहे तसं आहे.

एनॅमल दाताच्या टोकाकडे जाड असतं आणि मानेपाशी, हिरडीजवळ, पातळ होत संपतं. त्याखाली डेंटिन लागतं. डेंटिनमध्ये खनिज सुमारे ७० टक्के, उरलेलं मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. त्यात बारीक नळ्या असतात आणि आतून सतत ओल येत राहते. म्हणजे भिंत एकाच दाताची, पण वरचा भाग दगडी आणि खालचा ओल धरलेल्या मातीचा.

डेंटिनवर चिकटवता येत नाही असं नाही. आम्लाने उघडे पडलेले कोलॅजनचे धागे आणि त्यांत शिरलेला द्रव मिळून एक मिश्र थर तयार होतो. जपानच्या नाकाबायाशी यांनी तो १९८२ मध्ये दाखवून दिला आणि त्यानंतर डेंटिनवरचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. पहिल्या दिवशी हा जोडही भक्कम असतो. पण द्रव प्रत्येक धाग्यापर्यंत पोचत नाही. उघड्या राहिलेल्या धाग्यांना पाणी लागतं आणि डेंटिनमध्येच दडलेली काही विकरं (एन्झाइम) जागी होऊन ते धागे हळूहळू खातात. शिवाय चिकटवलेलं रसायनही पाण्याने झिजतं. दोनचार वर्षांनी एके दिवशी भाकरी चावताना तुकडा हातात येतो आणि माणूस भाकरीला दोष देतो.

४. आमची आजी जन्मभर राखेनं दात घासत आली, तिचे दात पक्के होते. मग राखेनं काय होते?

आजीचे दात पक्के असतील, पण त्यांच्या माना पाहिल्या होत्या का? राख, कोळसा, विटेचा चुरा यांनी हिरडीजवळचं पातळ एनॅमल खरवडून जातं आणि तिथे पाचरीच्या आकाराची खाच पडते. थंड पाणी झोंबायला लागतं तेव्हा लोक येतात. तोवर चिकटवायला एनॅमल फक्त खाचेच्या वरच्या कडेला उरलेलं असतं, बाकी सगळं डेंटिन, तेही घासून घासून चकचकीत आणि कठीण झालेलं, ज्यावर आम्लाचा असर कमी होतो. मी फिलिंग भरून देते. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा राख सुरू झाली तर तेही त्याच वाटेने जातं. मिश्री आणि गुडाखूचं उत्तरही हेच, वर तंबाखूचे परिणाम वेगळे.

५. पंधरा मिनिटांच्या कामाले एवढा कापूस, तोंडावर रबर, “जीभ हलवू नका”. एवढं कशासाठी?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. जोड किती वर्षं टिकेल ते बव्हंशी आम्ल धुतल्यापासून दिवा मारेपर्यंतच्या दोन मिनिटांत ठरतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. बारा वर्षांचा मुलगा, समोरच्या दाताचा कोपरा तुटलेला. आम्ल लावलं, धुतलं, वाळवलं, मस्त पांढरा खडूसारखा पट्टा उमटला आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर दिवा आणि पंखा चालतो, कॉम्प्रेसर चालत नाही. लाळ ओढणारी नळी गप्प झाली. ओठाच्या आतून लाळेची एक रेघ वर चढली आणि तो पांढरा पट्टा डोळ्यांदेखत पुन्हा ओला, चकचकीत झाला. लाळेतल्या प्रथिनांचा पडदा काही सेकंदांत त्या छिद्रांवर बसतो. नुसत्या पाण्याने धुऊन तो भरवशाने जात नाही. पुन्हा दहापंधरा सेकंद आम्ल लावावं लागतं. चाळीस मिनिटांनी लाईट आली तेव्हा मी सगळं पहिल्यापासून केलं. मुलाच्या वडिलांची बस गेली. ते जरा घुश्शातच म्हणाले, “तसंच लावून दिलं असतं तं चिकटलं नसतं का जी?” चिकटलं असतं. मे महिन्यात चिकटलं असतं आणि पोळ्याच्या आत पडलं असतं.

त्या दिवसापासून चिकटवण्याचं काम मी लाईटचं वेळापत्रक पाहून घेते. तोंडावर ताणतो त्या रबराच्या पडद्याने गुदमरल्यासारखं वाटतं हे मला ठाऊक आहे. नाकाने सावकाश श्वास घ्या, आणि त्रास झाला तर हात वर करायचा ठरलेला असतो तो करा. मानेने नाही सांगायचं.

६. सरकारी दवाखान्यात पांढरं सिमेंट भरून दिलं, ते वेगळं असते का?

बहुधा ते ग्लास आयनोमर असतं, आम्ही जीआयसी म्हणतो. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी ते शोधलं. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक नातं जोडतं, त्याला वेगळं आम्ल आणि गोंद लागत नाही, थोडी ओल चालते आणि ते फ्लोराइड सोडत राहतं. जोर मात्र कॉम्पोझिटपेक्षा कमी आणि झीज जास्त. हिरडीजवळच्या खाचेत, लहान लेकरांत आणि जिथे कोरडं ठेवणं शक्यच नाही तिथे मी स्वतः तेच वापरते. त्याला हलकं समजू नका.

७. आमच्या गावच्या पाण्यानं दात पिवळे-तपकिरी झाले. त्यावर पांढरं बसवलं तर टिकन का?

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. पक्के दात हाडात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, याहून जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर एनॅमल बिघडतं. आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग तपकिरी डाग, जास्त असेल तर खड्डे. लग्नानंतर त्या गावात आलेल्या सुनेचे दात डागाळत नाहीत, तिच्या लेकरांचे डागाळतात. (हाडांना होणारा त्रास मात्र मोठेपणीही होतो.)

चिकटवण्याच्या बाबतीत हे एनॅमल विचित्र वागतं. सगळ्यात वरचा थर फ्लोराइडमुळे आम्लाला दाद देत नाही. नेहमीची १५ सेकंदं दिली तर पांढरा पट्टा नीट उमटतच नाही. त्याच्याखाली मात्र ते भुसभुशीत, सच्छिद्र असतं. म्हणून वरची पातळ साल बारीक बरने, म्हणजे मशीनच्या फिरत्या टोकाने, काढावी लागते, किंवा आम्ल जास्त वेळ ठेवावं लागतं, बऱ्याचदा दोन्ही. मी घड्याळापेक्षा रंगावर भरवसा ठेवते: जागा सगळीकडे सारखी खडूसारखी दिसली तरच पुढे.

डाग सौम्य असतील तर चिकटवण्याआधी दुसरे, कमी खर्चाचे उपाय आहेत. अगदी थोडी साल घासून पॉलिश करणं किंवा डागात पातळ रेझिन (दिव्याने कडक होणारा प्लास्टिकसारखा द्रव) मुरवणं यांनी निम्म्या लोकांचं समाधान होतं. लग्न ठरलं म्हणून समोरचे सहा दात खुंटीसारखे घासून कॅप बसवायचा आग्रह कोणी धरला तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरला विचारा. शाबूत एनॅमल एकदा घासून टाकलं की ते परत येत नाही, आणि या पानावरचा सगळा भरवसा त्याच्यावरच उभा आहे.

८. मी खर्रा खातो. फिलिंगले काही होते का?

फिलिंग ही तुमची सगळ्यात लहान काळजी आहे, पण विचारलंच आहे म्हणून सांगते. खर्र्यातल्या सुपारीच्या खांडांनी सिमेंटची कड तुटते आणि दात वरून सपाट झिजतात. दाढेवरचं एनॅमल झिजून पिवळं डेंटिन उघडं पडतं, म्हणजे पुन्हा प्रश्न ३. कडेला काळपट रेघ येते ती वेगळी, त्यासाठी प्रश्न १५.

खरी अडचण तोंड उघडण्याची. सुपारीने गालाचं आतलं कातडं ताठर होत जातं. आपली तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का ते आत्ताच पाहा. दोनच जात असतील तर मागच्या दाढेपर्यंत ना माझा हात नीट पोचतो, ना रबर लागतं, ना दिव्याचं टोक सरळ बसतं. दिवा तिरपा पडला की सिमेंट वरून कडक आणि तळाशी अर्धकच्चं राहतं. अशा माणसाचं फिलिंग पडलं तर दोष सिमेंटला देता येत नाही. आणि तीन बोटं जात नसतील तर फिलिंगसाठी थांबू नका, त्याच आठवड्यात तोंड तपासून घ्या. हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो.

९. पोरीले तारा लावल्या, महिन्याला एक चौकट पडते. डॉक्टर स्वस्तातला गोंद वापरतात का?

गोंद तोच असतो, पण तो कायमचा धरावा असं कोणालाच नको असतं. दीडदोन वर्षांनी चौकटी, म्हणजे तार धरणारे दातांवरचे ब्रॅकेट, काढायच्या असतात आणि तेव्हा एनॅमलचा टवका निघता कामा नये. म्हणून जोड मुद्दाम मध्यम ठेवतात. चौरस सेंटिमीटरला ६० ते ८० किलोचा जोर सोसला तरी काम भागतं. फिलिंगला मात्र २०० किलो आणि त्याहून जास्तीची अपेक्षा असते.

वरच्या चौकटी पडत असतील तर सहसा बसवताना ओल शिरलेली असते. खालच्या पडत असतील तर वरचा दात चावताना त्यांच्यावर आदळतो का ते पाहावं. बाकी हुरडा, ऊस, चिक्की, मटणाचं हाड आणि न निवडलेल्या तांदळातला खडा. पडलेली चौकट कागदात गुंडाळून घेऊन या. तार टोचत असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मेण लावा. घरी तार कापू नका.

१०. लेकराच्या दाढेवर कीड लागू नये म्हणून काही लावतात म्हणे. ते निघून जाते ना?

ते सीलंट. दाढेच्या खाचांत पातळ रेझिन ओततात, खाली एनॅमलच असतं, म्हणून जोड उत्तम. बुओनोकोरच्याच प्रयोगशाळेतून १९६७ मध्ये हा उपाय पुढे आला. सहाव्या-सातव्या वर्षी पहिली पक्की दाढ येते आणि घरच्यांना ती दुधाचीच वाटते, हा मोठा घोळ. दाढ अर्धीच वर आली असेल तर तिच्यावर हिरडीचा पदर असतो, कोरडं राहत नाही; तेव्हा तात्पुरतं जीआयसी लावून सहा महिन्यांनी खरं सीलंट करावं. थोडं निघालं तर पुन्हा भरता येतं, फक्त दर सहा महिन्यांनी दाखवा.

११. हापशीचा दांडा लागून पोराचा समोरचा दात तुटला. तुकडा जवळ आहे. चिकटते का?

चिकटतो, आणि पुष्कळदा आम्ही घडवलेल्या कोपऱ्यापेक्षा सुंदर दिसतो, कारण तो त्याचाच दात आहे. तुकडा दुधात किंवा स्वच्छ पाण्यात ठेवून आणा. खिशात, चिठ्ठीत बांधून आणलेला तुकडा वाळून पांढराफटक होतो आणि त्याचा जोडही कच्चा बसतो. मग आधी तो भिजत ठेवावा लागतो. तुटलेल्या जागी लाल ठिपका किंवा रक्त दिसत असेल तर नस उघडी आहे, त्याच दिवशी या. तुकडा आणखी काही वर्षांनी पुन्हा सुटू शकतो, पण तोवर मूल वाढतं आणि पुढचे पर्याय खुले राहतात.

किराणा दुकानातल्या पाच रुपयांच्या झटपट गोंदाने घरीच चिकटवलेले तुकडे मी पाहिले आहेत. एक तर चक्क उलटा बसवलेला होता. तो गोंद तोंडाच्या ओलीत टिकत नाही, हिरडी भाजतो, आणि तो काढताना चांगलं एनॅमल खरवडावं लागतं.

आख्खा दात मुळासकट निघाला असेल तर ती वेगळी गोष्ट. मूळ न घासता, वरच्या बाजूने धरून, दुधात टाका आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा प्रयत्न करा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत.

१२. दात दुखत होता म्हणून लवंगाचं तेल लावलं. आता सिमेंट बसन का?

बसेल, पण सांगा. लवंगाच्या तेलातलं युजेनॉल रेझिनला कडक होऊ देत नाही. कापसाचा एखादा बोळा लावला असेल तर आम्ल आणि पाण्याच्या धुण्यात ते बरंचसं निघतं. त्याच तेलाचं तात्पुरतं सिमेंट आधी कुणी भरलं असेल तर मात्र पूर्ण खरवडून जागा साफ केल्याशिवाय मी कॉम्पोझिट लावत नाही.

याच जातीची दुसरी अडचण दात पांढरे करण्याच्या औषधाची. ब्लीचिंगनंतर एनॅमलमध्ये ऑक्सिजन अडकून राहतो आणि तोही रेझिनला कच्चं ठेवतो. एक ते दोन आठवडे थांबून मगच चिकटवायचं. साक्षगंधाच्या दोन दिवस आधी दोन्ही करून मागणाऱ्यांना मी नाही म्हणते.

१३. नागपूरले आठव्या पिढीचं मटेरियल वापरतात. तुमच्याकडे कितवी पिढी?

पिढ्या कंपन्यांच्या जाहिरातीत जास्त आणि दातात कमी दिसतात. काम दोन तऱ्हांनी होतं: आम्ल वेगळं लावून धुणं, किंवा सौम्य आम्ल गोंदातच मिसळलेलं असणं. दुसऱ्या तऱ्हेचे गोंद डेंटिनवर छान वागतात, विशेषतः ज्यात एमडीपी नावाचं रसायन आहे ते, कारण ते कॅल्शियमला धरून बसतं. पण एनॅमलवर, खास करून न घासलेल्या एनॅमलवर, त्यांचं सौम्य आम्ल पुरेशी छिद्रं पाडत नाही. मग पहिल्या दिवशी सगळं ठीक दिसतं आणि दोनतीन वर्षांत कडेला रेघ उमटते. म्हणून मी फक्त एनॅमलच्या कडेला जुनंच फॉस्फोरिक आम्ल लावते आणि मग नवा गोंद सगळीकडे. महाग बाटली घेऊन ही १५ सेकंदं वाचवण्यात शहाणपण नाही.

“कंपनीने टिकाऊपणा तपासला आहे” असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की काढलेल्या दातांवर चिकटवून ते ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने हजारो वेळा बुडवले. १०,००० बुडक्या म्हणजे तोंडातलं साधारण एक वर्ष, असा एक अंदाज धरतात. वाफाळत्या तर्रीपोह्यांवर लगेच बर्फाचा गोळा खाणाऱ्यांचा हिशेब त्यात आहे की नाही, देव जाणे.

१४. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मटेरियल खराब नाही का होत?

होतं, आणि हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. गोंदाच्या बाटलीत अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन असतं. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तर ते उडून जातं आणि द्रव घट्ट होतो. घट्ट द्रव छिद्रांत शिरत नाही. नागपूरहून एसटीच्या पार्सलने तापत आलेली बाटली मी परत पाठवलेली आहे. दवाखान्यात ती फ्रिजमध्ये राहते, वापराआधी थोडा वेळ बाहेर काढते आणि थेंब ऐनवेळी पाडते. बाटलीवरची तारीख दाखवा म्हणालात तर मला राग येणार नाही.

१५. फिलिंगच्या कडेनं काळी रेघ दिसते. पूर्ण काढून नवीन भरायचं का?

बहुतेक वेळा नाही. रेघ नुसती चहा-तंबाखूची असेल, तपासायच्या सुईचं टोक अडकत नसेल आणि खाली मऊ लागत नसेल तर पॉलिश करून सोडून देते. एखाद्याच जागी फट असेल तर तेवढीच उकरून, जुनं सिमेंट खरखरीत करून नवं जोडता येतं. पूर्ण काढताना प्रत्येक वेळी थोडं चांगलं एनॅमल बरोबर जातं, खड्डा मोठा होतो आणि कड हिरडीकडे सरकते. फट खोल असेल, अन्न अडकत असेल किंवा एक्स-रेमध्ये कीड दिसत असेल तरच नवीन.

१६. तिसऱ्यांदा पडलं. आता तरी टिकन का जी?

तसंच चौथ्यांदा चिकटवलं तर नाही टिकणार. आधी कारण सापडलं पाहिजे. समोरचा दात त्यावर आदळतो का, रात्री दात खाता का, खड्डा इतका मोठा झाला आहे का की धरायला एनॅमलच उरलं नाही (मग कॅपचा विचार), की दर वेळी ओल शिरली. काही मुलांच्या पहिल्या दाढा मुळातच कच्च्या एनॅमलच्या, पिवळसर, ठिसूळ निघतात. त्यांत प्रथिन जास्त असल्याने आम्लाने नीट छिद्रं पडत नाहीत. तिथे कड चांगल्या एनॅमलपर्यंत नेल्याशिवाय काहीच धरत नाही.

आणि पडलेला तुकडा फेकू नका. लोक तो रागाने उकिरड्यावर टाकून येतात आणि मला नुसता खड्डा दाखवतात. तुकडा मी भिंगाखाली उलटा करून पाहते. आतली बाजू स्वच्छ, चकचकीत असेल तर सिमेंटने दाताला धरलंच नव्हतं, म्हणजे चूक बसवतानाची, बहुधा माझीच. तिथे दाताचे कण चिकटून आले असतील तर जोड पक्का होता आणि दातच मोडला. आणि खड्ड्यात अर्धं सिमेंट शिल्लक असेल तर ते चावण्याच्या जोराने मधूनच तुटलेलं असतं.